दफनाच्या रकान्यातली जिवंत माणसं

रोज सकाळी अण्णा संगणकावरचं फडकं काढत, त्याची चौपदरी घडी घालत, ती खुर्चीच्या पाठीवर टाकत आणि मगच बटण दाबत. जुनं यंत्र कण्हत-कुथत जागं होईपर्यंत ते मांडीवर हात ठेवून, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसून राहत. पडद्यावर घराण्याचा वृक्ष उमटला की वृक्षाकडे ते बघतही नसत. नजर थेट खाली, उजव्या कोपऱ्यात जाई. तिथे आकडा असे. एकूण व्यक्ती : १८४६. तो आकडा ते भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहीत आणि स्वयंपाकघराच्या दिशेने मोठ्याने सांगत, "अठराशे सेहेचाळीस. सगळे आहेत."

"बरं झालं," काकू आतून म्हणत. "जेवायला कुणी येणार नाही ना त्यांतलं?"

चौतीस वर्षं अण्णांनी पाणीपुरवठा खात्याचं स्टोअर सांभाळलं होतं. पत्र्याची लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, मांडण्यांत खण आणि प्रत्येक खणाला सुतळीने बांधलेलं कार्ड : आलं किती, गेलं किती, उरलं किती. वॉशर असो की कमरेएवढा व्हॉल्व्ह, कार्डावर नाही तो जगात नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले चमचे मोजले, दुसऱ्या आठवड्यात डब्यांना कार्डं बांधली, आणि तिसऱ्या आठवड्यात काकूंनी सांगून टाकलं, "अहो, मोजायचंच असेल तर माझ्या स्वयंपाकघरात नसलेलं काहीतरी मोजा."

त्याच महिन्यात संगणकाच्या एका मासिकाबरोबर एक सीडी फुकट आली. तिच्यात घराण्याचा वृक्ष तयार करायचा प्रोग्रॅम होता. प्रत्येक माणसाला एक कार्ड! जन्माने आलं, मरणाने गेलं, उरलं ते शिल्लक. अण्णांना वाटलं, हे कुणीतरी आपल्याला डोळ्यांसमोर ठेवूनच केलं असणार.

पुढची सोळा वर्षं त्यांनी नातेवाइकांना पळता भुई थोडी केली. अण्णा दारात दिसले की लोक पाणी विचारायच्या आधी पणजोबांचं नाव आठवून ठेवत. समाचाराला गेले तर ते रडणाऱ्याला पाच मिनिटं रडू देत आणि मग वहीचं पान उलटून हळूच विचारत, "नेमकी वेळ काय झाली होती?" एका बाळंतिणीला त्यांनी जन्माची मिनिटं विचारली. ती म्हणाली, "काका, मी तेव्हा जरा कामात होते." त्यांनी वेळेपुढे "अंदाजे" असं लिहिलं आणि तिच्याकडे थोड्या नाराजीने पाहिलं.

प्रोग्रॅमच्या कार्डावर रकाने ठरलेले होते. नाव, जन्म, लग्न, व्यवसाय, मृत्यू, आणि सगळ्यांत खाली "दफनाची जागा". ज्यांनी प्रोग्रॅम केला त्यांना तो रकाना लागत असेल. ह्या घराण्याला तो कधीच लागणार नव्हता. अठराशे सेहेचाळीस माणसं आणि अठराशे सेहेचाळीस रिकामे खण. स्टोअरकीपरला रिकामा खण म्हणजे पायातला काटा. उलट ज्या माहितीची घराण्याला रोज गरज पडे, तिला मात्र खणच नव्हता. आपल्या घराची कुणाशी बोलचाल बंद आहे, ही ती माहिती. ती हाताशी नसली की कुणाच्या घरी कुणाचं नाव काढायचं नाही हे कळत नाही आणि गरम चहा समोर येऊन तसाच निवतो.

अण्णांनी ही माहिती दफनाच्या रकान्यात ठेवायला सुरुवात केली. मांडणीत जागा असताना माल जमिनीवर कशाला ठेवायचा? पुढे थोडक्यात कारणही लिहीत. मामेबहीण : "शिडी". वकील मावसभाऊ : "फोटोत मागे उभं केलं". एक पुतण्या : "भाषणात झोपला". शिडी नेऊन परत न करणं आणि अण्णांच्या भाषणात झोपणं हे गुन्हे त्यांच्या लेखी एकाच मापाचे होते. होता होता अशी तेवीस माणसं जमली. सगळी धडधाकट.

तेविसावं कार्ड त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं.

धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा. दोन गल्ल्या सोडून त्याचं एक माणूस मावेल एवढं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर दुसऱ्यांची वेळ जुळवत बसे. दोघा भावांचं फाटलं ते वडिलांच्या जन्मसालावरून. अण्णांकडे शाळेच्या रजिस्टरची नक्कल होती. तिच्यात एकवीस साल. धाकट्याकडे आईचा शब्द होता; त्यात तेवीस साल. आई जिवंत असताना दोघांनी तिला वेगवेगळं गाठून विचारलं होतं, आणि जो विचारायला आला त्याचं साल तिने बरोबर ठरवलं होतं. मग ती गेली, आणि अण्णांनी घराण्याची पुस्तिका छापली. पहिल्या पानावर, ठळक टायपात, एकवीस.

"बापाला दोन वर्षांनी म्हातारा केलास," धाकटा म्हणाला होता.

"कागद आहे माझ्याकडे."

"शाळेत घालायला लोक वय वाढवून सांगायचे, तुझा कागद काय बाळंतपणाला हजर होता?"

"तू होतास का?"

एवढंच. अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून अण्णा बाजारात जाताना एक गल्ली जास्त चालत, म्हणजे दुकान लागू नये. दफनाच्या रकान्यात धाकट्यापुढे मात्र त्यांनी कारण लिहिलं नव्हतं. तिथे स्टोअरमधला जुना शेरा होता. कुणी पाना किंवा पंप तात्पुरता नेला की कार्डावर जो लिहीत तो : "परत येणे बाकी".

आता ह्या कथेत डॉक्टर येतात. डॉक्टर म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ, दातांचे. त्यांनाही वृक्षाचा नाद होता, पण त्यांचा प्रोग्रॅम इंटरनेटवरचा, दरवर्षी नवा होणारा, घराणं पंख्यासारखं गोल उलगडून दाखवणारा. रोग्याचं तोंड उघडं असताना ते त्याला आपली बारावी पिढी समजावून सांगत, आणि त्यांचं मत आजवर कुणी खोडून काढलेलं नव्हतं. अण्णा म्हणत, "डॉक्टरचा वृक्ष भाड्याच्या घरात राहतो. मालकाने कुलूप लावलं की बसा बाहेर." डॉक्टर म्हणत, "अण्णांचा वृक्ष मी बघितलाय. त्याला आता पाणी नको, काचेचं कपाट हवं." सोळा वर्षांत दोघांनी एकमेकांना एक पणजोबासुद्धा उसना दिला नव्हता.

पण गोष्टी अण्णांच्या हाताबाहेर चालल्या होत्या. संगणक दुरुस्त करणाऱ्याने पंखा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काका, ह्याचा सुटा भाग बनवणारी कंपनीच राहिली नाही." डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा मारून पाहिला आणि म्हणाले, डावा गेलाच आहे, उजव्याचे फार तर काही महिने. म्हणजे यंत्र आणि डोळा ह्यांच्यात आधी कोण जातं एवढाच प्रश्न होता. दोन्ही गेल्यावर अठराशे सेहेचाळीस माणसं कुठे जाणार? काकूंना त्यांतली वीस-पंचवीस माहीत होती आणि तेवढीही त्यांना जास्तच वाटत.

तीन आठवड्यांवर घराण्याचा मेळावा होता. डॉक्टर हॉलच्या भिंतीवर अठरा फुटी तक्ता लावणार होते. त्यांनीच निरोप धाडला : अण्णांनी आपली माहिती दिली तर त्यांची शाखाही तक्त्यावर येईल आणि कायम जपली जाईल. अण्णांनी दोन दिवस गाल फुगवून घेतले, तिसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह चष्म्याच्या डबीत घातला आणि दवाखान्यात गेले.

रविवारची दुपार होती. बसायला दुसरं काही नसल्यामुळे ते रोग्याच्या खुर्चीत बसले आणि खुर्ची आपोआप मागे कलली.

"तुझा प्रोग्रॅम एक भाषा बोलतो, माझा दुसरी," डॉक्टर छताकडे तोंड करून पडलेल्या अण्णांना सांगू लागले. "म्हणून तुझ्याने आपली सगळी माहिती एका मधल्या फाईलमध्ये ओतायची, आणि माझा ती उचलून घेणार. ही फाईल म्हणजे दुभाषी समज."

"दुभाषी पदरचं काही घालत नाही ना?"

"घालत नाही. नाही समजलं तर गाळतो."

फाईल चढली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं : "१८४६ व्यक्ती दाखल. चुका : शून्य." अण्णांनी ते उजव्या डोळ्याने दोनदा वाचलं. सोळा वर्षांत त्यांच्या कामाला कुणीतरी पहिल्यांदाच शून्य चुका म्हटलं होतं.

चुका नव्हत्याच. फक्त फोटो एकही आला नव्हता. टोपणनावं व्यवसायाच्या रकान्यात जाऊन बसली होती, त्यामुळे एक पणजोबा पेशाने "घुबड" झाले होते. आणि अण्णांनी प्रत्येकाच्या स्वभावावर लिहिलेल्या लांब टिपा ठरावीक अक्षरांनंतर कापल्या गेल्या होत्या. अण्णांची लिहायची पद्धत अशी, की आधी माणसाचे गुण आणि मग, "पण" लावून, खरं काय ते. "आत्या अत्यंत मायाळू होती, कुणाला उपाशी पाठवत नसे, पण" इथे टीप संपत होती. "काका दिलदार, हसतमुख, पण". असे शेकडो "पण" फांद्यांना लोंबकळत राहिले आणि त्यांच्यापुढचं सगळं गळून पडलं. घराणं एका दुपारीत सुधारलं.

तक्ता तयार करून डॉक्टरांनी संध्याकाळी तो घराण्याच्या ग्रुपवर टाकला. जिवंत माणसं हिरवी, गेलेली करडी. डॉक्टरांचा प्रोग्रॅम हुशार होता. समोर आलेल्या गोष्टीवरून तो पुढचं ताडत असे. ज्याच्या दफनाची जागा लिहिलेली आहे तो जिवंत कसा असेल? त्याने तेवीस माणसांना करडं केलं आणि वर स्वतंत्र यादी काढली : "नव्याने नोंद झालेले दिवंगत."

पाच मिनिटांत ग्रुपवर हात जोडलेली चित्रं सुरू झाली. भावपूर्ण श्रद्धांजली. फार चांगली माणसं होती. ईश्वर मृतात्म्यांना शांती देवो. यादी उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. वकील मावसभावाने तर सर्वांत लांब श्रद्धांजली लिहिली, "ही पोकळी भरून न येणारी आहे" असा शेवट केला, आणि त्याचं नाव यादीत सतरावं होतं. हे त्याच्या सुनेने त्याला दाखवलं, त्यानंतर ग्रुपवर जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. मामेबहिणीने एवढंच लिहिलं, "मला पुरल्याची जागा शिडी? शिडीवर पुरतात का रे माणसाला?"

सकाळी डॉक्टरांचा फोन आला. आवाज कवळीसारखा घट्ट बसलेला.

"अण्णा, तेवीस जिवंत माणसं पुरलीस तू."

"ती नोंद दफनाची नाही. रकाना रिकामा होता, म्हणून—"

"मला काय ठाऊक? माझ्या प्रोग्रॅमला काय ठाऊक?"

"मग खोडून टाक. नाहीतर मी फाईल दुरुस्त करून पुन्हा आणतो."

"पुन्हा आणलीस तर प्रत्येक जण दोनदा येईल. तेवीस मेलेले, आणि तेच तेवीस जिवंत. कुठे शोभेल? आणि खोडाखोड मी पुराव्याशिवाय करत नाही. मृत माणूस जिवंत करायचा तर आधार जोडावा लागतो. कोण म्हणालं, कधी म्हणालं, तारीख."

"माणसं समोर फिरतायत, डॉक्टर."

"तूच म्हणतोस ना, कागदावर नाही तो जगात नाही?"

स्वतःच्या नियमाशी भांडायची अण्णांना सवय नव्हती.

"मेळाव्यापर्यंत तेवीसच्या तेवीस पुरावे दे," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर तुझी आख्खी फाईल काढून टाकीन. अर्धवट वृक्ष मी भिंतीवर लावत नाही, ठेवतही नाही."

म्हणजे ज्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं त्या प्रत्येकाला फोन करून, बाबा रे, तू जिवंत आहेस का, असं विचारायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काकू भाजी निवडत म्हणाल्या, "सोळा वर्षांत पहिल्यांदा तुमच्या ह्या झाडाचा काही उपयोग होतोय."

अण्णांनी वही घेतली, रेघा मारल्या आणि सुरुवात केली. मामेबहीण म्हणाली, "जिवंत आहे, पण तुझ्या उपकाराने नाही," आणि मग चाळीस मिनिटं गुडघ्यांविषयी बोलली. शिडी तिने दुसऱ्याच दिवशी परत केली होती; ती अण्णांच्याच गच्चीवर उभी होती. पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या भाषणात झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो." अण्णांनी विचारलं, "काय ऐकलंस?" पलीकडे शांतता. "जिवंत," अण्णांनी लिहिलं. वकील मावसभावाने पुरावा लेखी देण्याचं मान्य केलं, मात्र त्या पत्रात अण्णांनी आपल्याला विनाकारण मृत ठरवल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त करावा अशी अट घातली. एकाने सांगितलं, की आपण बोलत नाही हे त्याला माहीतच नव्हतं. तो इतकी वर्षं समजत होता की अण्णांचा फोन बिघडलाय.

नऊ दिवसांत बावीस झाले. काकूंनी पाहिलं, की फोन ठेवल्यावर अण्णा आता वहीत नुसती तारीख लिहीत नाहीत. कुणाचे गुडघे, कुणाचा नातू, असंही काही लिहितात. तेविसाव्या ओळीपुढे मात्र पान कोरं होतं. दहाव्या दिवशी कोरं. अकराव्या दिवशीही कोरं.

"तेवीस करा आणि मोकळे व्हा," काकू म्हणाल्या.

"करतोय."

"केव्हा? डोळा गेल्यावर नंबर दिसायचा नाही."

"नंबर पाठ आहे," अण्णा म्हणाले, आणि आपण हे बोलून बसलो म्हणून स्वतःवरच चिडले.

शेवटी मेळाव्याला जेमतेम आठवडा उरला असताना त्यांनी दुकानाचा नंबर फिरवला. पलीकडे फोन उचलला गेला. मागे पन्नास-साठ घड्याळांची टिकटिक.

"हॅलो."

"मी."

टिकटिकीत भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"कोण मी?"

"कोण मी काय? अण्णा."

"असं होय. बोल. फक्त जरा मोठ्याने बोल, मातीखाली कमी ऐकू येतं."

"चेष्टा नको. डॉक्टरला पुरावा पाहिजे. जिवंत आहेस एवढं सांग, तारीख टाकतो, ठेवतो."

"नाही सांगत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सांगत. ग्रुपवर सदतीस जणांनी श्रद्धांजली वाहिली मला. वाढदिवसाला सात फोन येत नाहीत. मेलेलाच बरा आहे मी."

"माझी सगळी फाईल काढून टाकणार आहे तो. सोळा वर्षं आहेत तिच्यात."

"आणि बाप एकवीस सालचा आहे तिच्यात."

पलीकडे कुठलं तरी घड्याळ चार मिनिटं आधीच वाजलं.

"त्या तक्त्यावर माझ्यापुढे काय लिहिलंयस?" धाकट्याने विचारलं. "दफनाची जागा, परत येणे बाकी."

"ती स्टोअरची भाषा आहे."

"मला शिकवू नकोस. दोन महिने होतो मी तुझ्या हाताखाली. पाना नेला की लिहायचास." तो थांबला. "बाकी सगळ्यांपुढे कारण आहे. शिडी काय, फोटो काय. माझ्यापुढे का नाही?"

"जागा कमी पडली."

"'एकवीस साल' एवढंच लिहायचं होतं. शिडीपेक्षा चार अक्षरं जास्त."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या नाही, शर्टाच्याही नाही, टेबलक्लॉथच्या टोकाला पुसला.

"ते पाने परत यायचे का रे?" धाकटा म्हणाला.

"यायचे काही. गंजून यायचे."

"रविवारी सकाळी येतो. फोनवरचा पुरावा डॉक्टर मानायचा नाही. म्हणेल, कुणीतरी आवाज काढला."

रविवारी काकूंनी दार उघडलं तर धाकटा उंबऱ्याबाहेर उभा. केस पार पांढरे झालेले, भिंग कपाळावर तसंच राहिलेलं.

"वहिनी, मयत इसम हजर आहे."

"चपला बाहेर काढा," काकू म्हणाल्या. "मयत असलात तरी फरशी आत्ताच पुसली आहे." आणि चहाचं आधण वाढवायला त्या जरा घाईनेच आत गेल्या.

धाकट्याच्याच आग्रहावरून त्याचा फोटो काढायचा होता, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून. ओलीस धरलेल्या माणसाचा काढतात तसा तो निघाला. मग अण्णांनी डॉक्टरांनी दिलेला पासवर्ड घालून नवा वृक्ष उघडला. यंत्राला बराच वेळ लागला. धाकट्याने त्याच्या पाठीला कान लावला आणि म्हणाला, "धूळ आहे नुसती. मरायला नाही टेकलेलं." फोटो चढला. पडद्यावर धाकटा करड्याचा हिरवा झाला.

आता वडील. नव्या प्रोग्रॅममध्ये एका जन्माला दोन सालं ठेवायची सोय होती. अकरा वर्षं जे दोघांना साधलं नव्हतं ते एका बटणाने झालं : एकवीस, खाली तेवीस. दोघांनी एकमेकांकडे न बघता पडद्याकडे बघितलं. तेवढ्यात प्रोग्रॅमने विचारलं, "ह्यांपैकी मुख्य कोणतं?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पुढचा पाऊण तास शेजारच्यांनी खिडक्या उघड्या ठेवून ऐकला. शाळेचं रजिस्टर निघालं, आई निघाली, पुराचं साल निघालं, पूर आधी की वडील आधी हे निघालं. चहा निवला. काकूंनी तो दोनदा गरम केला आणि तिसऱ्यांदा स्वतःच पिऊन टाकला.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. तेवीस पुरावे पोचले होते, पण प्रोग्रॅमने सगळं नव्याने तपासून एक शंका काढली होती. अण्णांच्या शाखेतल्या प्रत्येक जिवंत माणसाला आता आधार होता. फक्त एकाला नव्हता. खुद्द अण्णांना. सोळा वर्षांत त्यांच्याविषयी कुणी काही कळवलेलंच नव्हतं.

"तुझा तूच आधार चालत नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यायला हवं."

धाकटा तेव्हा अजून तिथेच होता. त्याने वही ओढली आणि घड्याळाच्या पावतीवर लिहितात तशा बारीक अक्षरांत लिहिलं, "आज सकाळी पाऊण तास माझ्याशी भांडला. आवाज खणखणीत. जिवंत आहे." खाली सही, तारीख आणि वेळ, सेकंदासकट.

तो पुरावा डॉक्टरांनी जसाच्या तसा जोडला. नियम म्हणजे नियम.

मेळाव्यात अठरा फुटी तक्ता लागला. लोक आपापलं नाव शोधत, बोट ठेवून फोटो काढत आणि जेवणाकडे वळत. अण्णांच्या पूर्ण शाखेत ज्याने करडं असू नये असं कुणीही करडं नव्हतं. तक्त्याखाली "संकलन" म्हणून डॉक्टरांचं एकट्याचं नाव होतं. अण्णा उजवा डोळा अगदी कागदाला टेकवून सगळ्या फांद्या शेवटपर्यंत वाचत गेले, आणि ज्यांच्याशी बोलत नव्हते त्यांतल्या अकरा जणांनी त्यांना वाटेत अडवलं. मामेबहिणीने गुडघ्यांचं पुढचं प्रकरण सांगितलं.

त्यानंतर दर रविवारी धाकटा येऊ लागला. पासवर्ड दोघांकडे होता. रविवारी तो वडिलांचं मुख्य साल तेवीस करून जाई. सोमवारी अण्णा ते एकवीस करत. पुढे दिसेनासं झालं तेव्हा काकूंकडून करून घेत. त्यामुळे पुढच्या रविवारी धाकट्याला यावंच लागे. डॉक्टरांचा प्रोग्रॅम प्रत्येक बदल टिपून ठेवत असे. त्यांनी एकदा वैतागून दोघांना कळवलं, की ह्या गृहस्थांचा जन्म आतापर्यंत चौऱ्याऐंशी वेळा झाला आहे, आता पुरे करा. दोघांनीही उत्तर दिलं नाही.

पुढच्या वर्षी एका शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर, अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. वेळ काकूंनी स्वतःहून पाहून ठेवली. दोन वाजून दहा मिनिटं. कुणीतरी विचारणार हे त्यांना ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. लॅपटॉप उघडून जमिनीवरच बसले. तारीख भरली, वेळ भरली, दफनाची जागा सावधपणे रिकामी ठेवली. मग घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, नव्या आवृत्तीत एक रकाना आलाय. शेवटचे शब्द. अण्णांच्या कार्डावर शोभेल असं काही असणारच. घराण्याविषयी म्हणा, मुळांविषयी म्हणा."

काकूंनी धाकट्याकडे बघितलं. अण्णा गेले त्या दिवशी बाराच्या सुमाराला त्यांनी शेवटचा फोन त्यालाच केला होता, आणि जेवताना ते कधीच बोलत नसत.

"काय म्हणाला?" डॉक्टरांनी बोटं तयार ठेवून विचारलं.

धाकट्याने सांगितलं.

"हे नाही रे. ह्याच्या आधी काही? नंतर?"

"हेच. आणि ठेवला."

डॉक्टरांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे पाहिलं, आणि एकेक अक्षर टाइप केलं :

"उद्या येताना जिन्यात उजव्या कडेने ये. मधल्या तीन पायऱ्यांचं सिमेंट अजून ओलं आहे."